लांब पल्ल्याची बस मधेच तोडावी का? (बेस्ट, मेट्रो आणि मुंबईचे बसमार्ग)

शिवडीवाली

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून ऑफिसात, नातेवाइकांत, सोसायटीच्या गटात एकच सूर ऐकतेय. लांब पल्ल्याच्या बस आता कशाला हव्यात? दक्षिण मुंबईतून उपनगरात जाणारे मार्ग मधेच तोडा आणि त्या गाड्या स्टेशन ते घर अशा छोट्या फेऱ्यांना लावा. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. गेल्या काही वर्षांत बरेच लांब मार्ग आखूड झाले किंवा बंद झाले, हे तर आपल्यासमोर आहेच.

मला हा विचार पटत नाही. लांब मार्गावर पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत बसून जाणारे मोजकेच असतात. बाकीचे सायनला चढून लालबागला उतरतात, लालबागला चढून जे.जे.ला उतरतात. वरून एक मार्ग दिसतो, पण त्याच्या आत शेकडो छोटे प्रवास एकमेकांत गुंतलेले असतात. तो दादरला तोडलात तर दादरच्या अलीकडून पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला उतरावं लागणार, पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार आणि पुन्हा तिकीट काढावं लागणार. मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे. दोनदा चढलं की दोनदा किमान भाडं.

तुमचं काय मत? अनुभव असतील तर जरूर लिहा. मार्ग क्रमांकासह लिहिलंत तर फार बरं.

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म

लोकल असताना सायन ते फोर्ट बसने कोण जातं हो?

केवडा

@दोन_नंबर_प्लॅटफॉर्म, माझ्या सासूबाई जातात. परळला त्यांची दर महिन्याला तपासणी असते. गुडघे दुखतात, त्यामुळे रेल्वेचा पूल चढणं त्यांना जमत नाही. बस घराजवळ मिळते आणि रुग्णालयाच्या फाटकाशी सोडते. पुढच्या बाकावर बसतात, कंडक्टरला आधीच सांगून ठेवतात, तो वेळेवर आवाज देतो. परळ भागात केईएम, टाटा, वाडिया अशी किती रुग्णालयं एका पट्ट्यात आहेत बघा. तिथे येणाऱ्या माणसाला 'दोनदा बदलून या' म्हणणं म्हणजे काय, हे पेशंटबरोबर एकदा गेलं की कळतं.

जोडरस्ता

शिवडीवाली, धागा चांगला काढलात. पण मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे. वाहतूक नियोजन हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

लांब मार्गाचं खरं दुखणं म्हणजे अनियमितपणा. अर्धा तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन गाड्या लागोपाठ, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यात सहसा कुणाचा आळस नसतो. पुढची गाडी सिग्नलला किंवा खोदकामापाशी पाच मिनिटं अडकते. तोवर पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून गाडी आणखी मागे पडते. मागून येणाऱ्या गाडीला थांबे मोकळे मिळतात, ती वेगाने येते आणि पहिलीला गाठते. मार्ग जितका लांब, तितकी हे घडायला जागा जास्त. सकाळी माहीमला झालेला खोळंबा कुलाब्यातल्या माणसाला भोगावा लागतो.

मार्ग दोन तुकड्यांत केला की एका भागातला गोंधळ दुसऱ्या भागात जात नाही. सोल शहराने १ जुलै २००४ रोजी आपलं अख्खं बसजाळं बदललं. मुख्य रस्त्यांवर निळ्या बस, त्यांना जोडणाऱ्या हिरव्या, शेजारच्या गावांना जाणाऱ्या लाल आणि शहराच्या मध्यभागात फिरणाऱ्या पिवळ्या. सुरुवातीला लोक चिडले, मग रुळले. तिथे हे चाललं, मग मुंबईत का चालू नये?

शिवडीवाली

@जोडरस्ता, सोलमध्ये गाडी बदलताना पुन्हा पूर्ण भाडं द्यावं लागत होतं का? माझा मुद्दा तिथेच आहे.

जोडरस्ता

नाही. भाडं एकूण अंतरावर लागायचं आणि बदलणं फुकट होतं. हे तुमचं बरोबर आहे. त्या सवलतीशिवाय सोल उभंच राहिलं नसतं.

टेम्सकाठचा

मी मूळचा गिरगावचा, आता लंडनमध्ये आहे. इथला एक अनुभव देतो. सप्टेंबर २०१६ पासून इथे 'हॉपर' भाडं आहे. पहिल्या बसला कार्ड टेकवल्यापासून तासाभरात पुढच्या बसला पैसे पडत नाहीत. २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदला. यामुळे माणसाच्या मनातलं गणितच बदलतं. समोर येईल ती बस पकडायची, निम्म्या वाटेवर उतरायचं, दुसरी घ्यायची. थेट बसची वाट बघत उभं राहणं कमी झालं.

तरीही २०२२ मध्ये मध्य लंडनचे बरेच मार्ग कमी करायचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी कडाडून विरोध केला आणि त्यातले बहुतेक मार्ग वाचले. म्हणजे बदली फुकट असूनही थेट बस माणसाला हवी असते. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि बाबागाडी घेऊन निघालेल्या आयांना.

मुंबईसाठी अलीकडे 'मुंबई वन' ॲप आलंय, त्यात मेट्रो, लोकल, बस सगळ्यांची तिकिटं एका ठिकाणी निघतात. ही मोठी सोय आहे. पण तिकीट एका ठिकाणी मिळणं वेगळं आणि सगळ्या प्रवासाचं मिळून एक भाडं लागणं वेगळं. मुंबईला दुसरं हवंय.

भांडुपचा_भाऊ

सगळं वाचलं. आता उपनगराची बाजू ऐका.

शहर भागातल्या लोकांच्या हाताशी तीन रेल्वे, मेट्रो आणि वर बसचे ढीगभर नंबर आहेत. आमच्या भांडुप पश्चिमेला डोंगर चढत गेलेल्या वस्त्या आहेत. हनुमान नगर, खिंडीपाडा. स्टेशनपासून वरपर्यंत चढण आहे, रस्ता अरुंद आहे, त्यात एल.बी.एस. मार्गाची कोंडी. तिथे बारा मीटरची गाडी वळतच नाही. छोटी गाडी चालते. माणसं शेअर रिक्षात कोंबून जातात, पावसात रिक्षावाले वरपर्यंत यायला नाही म्हणतात, मग सामान डोक्यावर घेऊन चढायचं.

दोन लांब मार्ग आखूड करून त्यातल्या चार गाड्या आमच्या चढावर दिल्या तर मी तरी टाळ्या वाजवीन. एकूण गाड्या तेवढ्याच आहेत. कुणालातरी कमी मिळणार. आजवर ते 'कुणीतरी' म्हणजे आम्हीच होतो.

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म

भाऊला जोरदार अनुमोदन!

शिवडीवाली

@भांडुपचा_भाऊ, तुमच्या वस्तीला बस मिळायला हवी याबद्दल माझं दुमत नाही. पण ती लालबागच्या माणसाकडून काढून का द्यायची? एकूण गाड्याच कमी आहेत, यावर आपण दोघांनी मिळून बोलायला हवं. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. आता तो आकडा तीन हजारांच्याही खाली आलाय. तेवढ्या काळात शहर काही लहान झालेलं नाही.

हिशेबनीस

गाड्या कमी का झाल्या, हे पैशाच्या बाजूने सांगतो.

बेस्ट ही वीज आणि बस दोन्ही सांभाळणारी संस्था. ७ ऑगस्ट १९४७ ला ती महापालिकेच्या ताब्यात आली. पुढे कित्येक दशकं विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघायची. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही सोय अडचणीत आली आणि हळूहळू बंद पडली. तूट तशीच राहिली, ती भरायचा हक्काचा झरा आटला. महापालिका अनुदान देते, पण ते दर वर्षी मागून घ्यावं लागतं.

मग भाडेतत्त्वाची पद्धत आली. गाडी, ड्रायव्हर, देखभाल कंत्राटदाराची. कंडक्टर आणि मार्ग बेस्टचे. कंत्राटदाराला किलोमीटरमागे पैसे. स्वतःच्या गाड्या म्हाताऱ्या होऊन निघत गेल्या, त्यांच्या जागी त्या प्रमाणात नव्या स्वतःच्या गाड्या आल्या नाहीत. एखादा कंत्राटदार परवडत नाही म्हणून निघून गेला की त्याच्या सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावरून जातात. असं मुंबईत झालेलं आहे.

९ जुलै २०१९ ला किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं तेव्हा प्रवासी भराभर वाढले. म्हणजे मागणी होती. पण वाढलेल्या प्रवाशांना पुरतील इतक्या गाड्या आल्याच नाहीत.

टेम्सकाठचा

@हिशेबनीस, लंडनच्या बसही खासगी कंपन्याच चालवतात, त्यामुळे कंत्राट आलं म्हणून सेवा बिघडलीच पाहिजे असं नाही. फरक करारात आहे. नेमून दिलेल्या वेळेपेक्षा प्रवाशाला सरासरी किती जास्त थांबावं लागलं, ते इथे मोजतात आणि त्यावर कंपनीला बक्षीस किंवा कपात ठरते. नुसत्या किलोमीटरला पैसे दिले तर किलोमीटरच मिळणार. वेळेला पैसे दिले तर वेळ मिळेल.

हिशेबनीस

हे शेवटचं वाक्य प्रत्येक निविदेच्या पहिल्या पानावर छापायला हवं.

ट्रामवेडा

थोडं अवांतर. पण १५ जुलै १९२६ ही तारीख मुंबईकरांनी लक्षात ठेवावी. त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी शहराची पहिली मोटरबस धावली. वर्ष संपेपर्यंत सहा लाख प्रवासी झाले होते. १९३७ मध्ये डबल डेकर आल्या. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी लिमिटेड सुरू झाली, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी जलद बस.

या धाग्यासाठी ही लिमिटेड महत्त्वाची. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी हे सुरू केलं त्यांना ठाऊक होतं की रेल्वे असली तरी लांब बस लागते, फक्त ती प्रत्येक कोपऱ्यावर थांबून चालत नाही. आपण मात्र लांब बस एकतर सगळीकडे थांबवायची किंवा बंदच करायची, एवढ्या दोनच गोष्टींचा विचार करतोय.

ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. रस्त्यात अडथळा होतो म्हणून. आज तेच रस्ते कोणी अडवलेत ते बघा आणि सांगा.

पारवा७

डबल डेकरचं नाव निघालंच आहे तर, वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या सीटसाठी मी आणि माझा धाकटा भाऊ इतके भांडलोय की आईने शेवटी एकाला जाताना आणि दुसऱ्याला येताना असा निवाडा दिला होता. मरीन ड्राइव्हवरून १२३ नंबरने जाताना पावसाळ्यात लाटा दिसायच्या. काय दिवस!

ट्रामवेडा

१२३! भाऊ-बहीण असाल तर चौपाटीच्या वळणावर नक्कीच मारामारी झाली असणार. जुन्या डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, शेवटच्या फेरीला लोकांनी हार घातले. आता विजेवरच्या एसी डबल डेकर आहेत. त्याही बघायला देखण्या आहेत.

पारवा७

भाऊ-भाऊच. आणि हो, झाली.

खाकी_गणवेश

नमस्कार. मी बसच्या कामातच आयुष्य काढलं, शेवटची काही वर्षं चौकीवर स्टार्टर होतो, म्हणजे गाड्या वेळेवर सोडणारा माणूस. सगळ्यांचं वाचलं. तोडावा की राहू द्यावा, या दोन टोकांच्या मधे एक जुनी रीत आहे ती कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो.

लांब मार्ग तसाच ठेवायचा, पण त्याच्यावर सगळ्या गाड्या टोकापर्यंत पळवायच्या नाहीत. ज्या टप्प्यात गर्दी आहे तेवढ्यात मधल्या फेऱ्या घालायच्या. समजा दर दहा मिनिटांनी गाडी सुटते. त्यातली एक टोकापर्यंत जाईल, दुसरी निम्म्यातून वळून येईल. मधल्या गर्दीच्या पट्ट्याला दर दहा मिनिटांनी गाडी मिळते आणि टोकाच्या माणसाची थेट गाडीही तुटत नाही, फक्त वीस मिनिटांनी येते. पाटी मात्र ठळक हवी, नाहीतर माणूस चुकीच्या गाडीत बसतो आणि राग कंडक्टरवर निघतो.

दुसरं, टोकाला थोडी उसंत ठेवायची. गाडी उशिरा आली तरी पुढची फेरी वेळेवर सुटावी म्हणून. वेळापत्रकात कागदावर ही उसंत काढून टाकली की फेऱ्या जास्त दिसतात, पण दुपारनंतर सगळं वेळापत्रक ढासळतं. ड्रायव्हरला पाणी प्यायला, लघवीला जायला वेळ मिळत नाही. थकलेला माणूस गाडी कशी चालवेल, याचा विचार मार्ग आखणाऱ्याने पहिला करावा.

तिसरं, चौकीवर माणूस हवा. ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसतं, चांगलंच आहे. पण तीन गाड्या एकत्र आल्या तर एकीला थांबवून, एकीला लवकर वळवून अंतर पाडायचा निर्णय तिथे उभा असलेला माणूस घेतो.

जोडरस्ता

@खाकी_गणवेश, काका, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा. मधल्या फेऱ्यांनी माझ्या अनियमितपणाच्या आक्षेपाचं बरंचसं उत्तर मिळतं. तरी अगदी लांबच्या, वीस किलोमीटरच्या पुढच्या मार्गांबद्दल माझं मत कायम आहे. ते तोडावेत, पण तोडलेली दोन्ही टोकं एकाच छपराखाली यायला हवीत. रस्ता ओलांडून, पूल चढून बदलायला लावू नये.

गणिती_बाई

शाळेत गणित शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

एका मार्गावर जाऊन-येऊन १६० मिनिटं लागतात आणि १६ गाड्या आहेत, असं धरा. दर १० मिनिटांनी गाडी मिळेल. आता रस्त्यावर कोंडी वाढली आणि जाऊन-यायला २०० मिनिटं लागू लागली. गाड्या १६ च. आता गाडी साडेबारा मिनिटांनी येईल. पुन्हा दर १० मिनिटांनी हवी असेल तर २० गाड्या लागतील. एकही फेरी न वाढवता चार गाड्यांचा, चार ड्रायव्हरांचा आणि चार कंडक्टरांचा खर्च वाढला. तोही एकाच पाळीचा.

उलट बाजूने करा. बसला रस्ता मोकळा करून दिला आणि २०० चे १६० झाले, तर चार गाड्या हातात येतात. त्या भाऊंच्या भांडुपच्या चढावर पाठवता येतील. लालबागच्या कुणाचं काही न काढता.

तोडायचं की नाही यावर आपण इतकं लिहिलं. बसचा वेग वाढवायचा कसा, यावर किती लिहिलं?

शिवडीवाली

गणिती_बाई, नमस्कार करते तुम्हाला. हेच मला नीट मांडता येत नव्हतं.

भांडुपचा_भाऊ

गणित पटलं. पण रस्ता मोकळा कोण करून देणार? आमच्या बसथांब्यापुढे कायम दुहेरी रांगेत गाड्या उभ्या असतात. बस थांब्याला लागतच नाही, रस्त्याच्या मधे उभी राहते, म्हातारी माणसं रिक्षा-स्कूटरच्या मधून वाट काढत चढतात.

पेठकर

पुण्यातून लिहितोय, येऊ द्याल ना? बसला वेगळा रस्ता द्यायचा प्रयोग देशात फार आधी आमच्याकडे झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी हा मार्ग अधिक नीट बांधला, रस्त्याच्या मधे स्थानकं, बसला उजवीकडचे दरवाजे, फलाट आणि बसची उंची सारखी. जिथे मार्गिका सलग आहे तिथे बस खरंच सुसाट जाते, मी स्वतः जातो. जिथे चौकाआधी मार्गिका संपते तिथे सगळी कमाई एका सिग्नलला जाते. नगर रस्त्यावरचा काही भाग तर नंतर काढून टाकला.

पुण्याकडून घ्यायची गोष्ट एवढीच, की मार्गिका तुकड्यातुकड्यात करू नका. करायची तर सलग करा, आणि चौकात बसला पहिला हिरवा दिवा द्या.

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म

पुणेकरांनी 'येऊ द्याल ना' विचारलं, या धाग्याचं सोनं झालं!

पेठकर

:) दुपारी एक ते चार सोडून कधीही विचारतो.

ट्रामवेडा

वांद्रे-कुर्ला संकुलातही बससाठी वेगळी मार्गिका करून पाहिली होती, टिकली नाही. आणि कोस्टल रोडच्या मूळ आराखड्यात बससाठी राखीव मार्गिका होती, हे विसरू नका. बोगद्यातून, समुद्रावरून जाणारा एवढा रस्ता, सिग्नल नाही, थांबा नाही. तिथे बसला एक पट्टा राखणं ही शहरातली सर्वांत सोपी जागा आहे. तिथेच जमणार नसेल तर एल.बी.एस. मार्गावर कुठून जमणार?

निशिगंध

मी परिचारिका आहे. रात्रपाळी असते. तुमच्या चर्चेत सगळं दिवसाचं चाललंय म्हणून लिहितेय.

रात्री अकरानंतर मार्ग तोडलेला असेल तर बदलीच्या जागी उभं राहावं लागतं. दिवसा दहा मिनिटं थांबणं आणि रात्री सव्वाअकराला एका रिकाम्या थांब्यावर दहा मिनिटं थांबणं यात फार फरक आहे. माझ्याबरोबरच्या मुली घर थोडं लांब पडलं तरी चालेल, पण थेट बस मिळेल अशी खोली शोधतात. भाडं जास्त देतात त्यासाठी.

आणि कंडक्टर. विनावाहक बसचा प्रयोग झाला होता तेव्हा वेळ वाचतो असं सांगत होते. रात्री बसमध्ये खाकी कपड्यातला एक माणूस असणं ही आमच्यासाठी सोय नाही, तो आमचा आधार असतो. करोनाच्या टाळेबंदीत लोकल बंद होत्या तेव्हा आम्हाला कामावर नेणारी बसच होती. त्या ड्रायव्हर-कंडक्टरांनीही घरी लहान मुलं ठेवून ड्यूटी केली. ते मी कधी विसरणार नाही.

खाकी_गणवेश

ताई, वाचून डोळे भरले. आमचे काही सोबती त्या काळात गेले.

केवडा

निशिगंध, मनापासून नमस्कार.

भाड्याबद्दल एक मुद्दा राहिला. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या बायका पाच रुपयांत दोन-तीन थांब्यांची बस घ्यायच्या. आता त्यातल्या काही जणी एका वेळी चालत येतात आणि परतताना बस घेतात. लांब प्रवास करणाऱ्याला भाडेवाढ जाणवते, पण छोट्या अंतराला ती दुप्पट झाली. छोट्या अंतराचाच माणूस सर्वांत गरीब असतो, आणि त्यालाच शेअर रिक्षा किंवा पायपीट असे पर्याय शोधावे लागतात. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. कर्नाटकात त्याच वर्षी जूनपासून फुकट. शहराच्या बसला असं काही का नसावं?

हिशेबनीस

@केवडा, सवलत द्यावी. फक्त तिचे पैसे सरकारने बसच्या खात्यात वेळेवर भरायला हवेत. नाहीतर सवलतीचं नाव सरकारचं आणि त्याची भरपाई कमी फेऱ्यांनी, असं होतं. मग ज्या बाईसाठी सवलत काढली तीच थांब्यावर तिष्ठत बसते.

जोडरस्ता

विजेच्या बसबद्दल कुणी बोललं नाही. धूर नाही, आवाज कमी, सगळं मान्य. पण चार्जिंगला वेळ आणि जागा लागते. ज्या शहरात आगारांच्या जमिनींवर इमारती बांधायच्या योजना निघतात, त्या शहरात रात्री शेकडो बस उभ्या करून चार्ज कुठे करणार? आगार लांब गेलं की सकाळची पहिली बस रिकामी धावत पहिल्या थांब्यापर्यंत येते. ते किलोमीटरही खर्चातच धरले जातात. आगाराची जमीन ही बससेवेचीच जमीन आहे, तिचा दुसरा उपयोग शोधू नये असं मला ठामपणे वाटतं.

खाकी_गणवेश

शंभर टक्के. आगार गेलं की मार्गही पाठोपाठ जातो.

शिवडीवाली

सगळ्यांचे आभार. इतकी चांगली चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नावर येते. माझं मत तेच आहे, लांब मार्ग सरसकट तोडू नयेत. पण आता ते जास्त नेमकं सांगता येईल. गर्दीच्या टप्प्यात काकांनी सांगितलेल्या मधल्या फेऱ्या, लांबच्या माणसासाठी मोजक्या थांब्यांची लिमिटेड. एखादा मार्ग तोडायचाच असेल तर आधी तासाभराचं एक भाडं लागू करा आणि बदली एकाच थांब्यावर होईल असं बघा. रात्री दहानंतर मार्ग अजिबात तोडू नका. हे सगळं लिहून महापालिकेकडे आणि बेस्टकडे पाठवायचं म्हणतेय. काका, अर्जात काय लिहिलं तर वाचतात?

खाकी_गणवेश

'बस वेळेवर येत नाही' एवढंच लिहू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. मार्ग क्रमांक, थांब्याचं नाव, दिशा, वार, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी आली नाही किंवा भरून आली, ते लिहा. आठवडाभराची नोंद ठेवली तर उत्तम. सोबत मागणी एकच ठेवा, उदाहरणार्थ 'सकाळी साडेसात ते साडेनऊ अमुक टप्प्यात मधल्या फेऱ्या घालाव्यात'. एकाच थांब्यावरच्या वीस जणांच्या सह्या असलेला अर्ज शंभर वेगवेगळ्या तक्रारींपेक्षा जास्त कामाचा. शाळा-कॉलेजच्या सुटण्याच्या वेळा जोडा, वेळापत्रक करणाऱ्याला त्या लागतात.

भांडुपचा_भाऊ

काका, आमच्याकडे सह्या वीसच्या जागी दोनशे होतील. अर्जाचा नमुना टाका इथे. शिवडीवाली, तुमच्या अर्जात राखीव मार्गिकेचा मुद्दा पहिला घाला, वाचलेल्या गाड्या कुठे द्यायच्या ते आम्ही आमच्या अर्जात लिहितो.

शिवडीवाली

नक्की. रविवारी संध्याकाळपर्यंत मसुदा टाकते. निशिगंध, रात्रीच्या फेऱ्यांचा परिच्छेद तुम्ही लिहाल का?

निशिगंध

लिहिते. रविवारी सुट्टी आहे, सकाळीच पाठवते. आमच्या वॉर्डातल्या मुलींना कुठून कुठे आणि किती वाजता जावं लागतं तेही विचारून घेते.